ओवाळणं, गिरकी आणि प्रदक्षिणा

कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटेपर्यंत गप्पा रंगतात. त्या रात्री सातवीतली एक मुलगी कोपऱ्यात बसून ‘परिवलन आणि परिभ्रमण यांतील फरक’ घोकत होती, कारण दुसऱ्या दिवशी चाचणी होती. तिचे आजोबा पिंपरीतल्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर काम करून निवृत्त झालेले. वर चंद्राकडे बघत ते सहज बोलून गेले, “पृथ्वीचं ठीक आहे गं, पण चंद्र काही स्वतःभोवती फिरत नाही. फिरत असता तर कधीतरी त्याची पाठ दिसली नसती का?” झालं! गच्चीवर दोन तट पडले. दूध पिऊन होईपर्यंत आवाज चढले आणि सकाळी भांडण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन पोहोचलं. एक पक्ष म्हणे, “जगातले शास्त्रज्ञ काय मूर्ख आहेत? पुस्तकात छापलंय ते वाचा.” दुसरा म्हणे, “डोळ्यांना दिसतं ते खोटं आणि छापलेलं खरं, ही कसली वैज्ञानिक वृत्ती?” तीन दिवसांनी विषय पार्किंगवर गेला आणि सगळ्यांची सुटका झाली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चंद्र स्वतःभोवती फिरतो, त्याबद्दल शंका नको. पण त्या वादात पुस्तकवाले बरोबर उत्तर चुकीच्या रीतीने देत होते आणि आजोबा चुकीचं उत्तर देताना फार चांगला प्रश्न विचारत होते. ‘फिरणं’ म्हणजे नेमकं काय, हे दोन्ही बाजूंपैकी कोणीच ठरवलं नव्हतं. आपल्या भाषेत ते क्रियापद तसं मोकाटच आहे. भोवरा फिरतो, पोस्टमन फिरतो, संध्याकाळी आपण तळजाईला फिरायला जातो, वारं फिरतं, नशीब फिरतं आणि डोकंही फिरतं. एवढ्या अर्थांच्या गर्दीत चंद्राला सोडलं तर भांडण होणारच. शाळेने त्यावर परिवलन आणि परिभ्रमण हे दोन भारदस्त शब्द दिले खरे, पण दोन गुणांच्या ‘फरक स्पष्ट करा’पलीकडे त्यांचा उपयोग होऊ दिला नाही. ‘स्वतःभोवती फिरणे म्हणजे परिवलन, दुसऱ्याभोवती फिरणे म्हणजे परिभ्रमण’ ही व्याख्या पाठ असलेला माणूस आजोबांच्या प्रश्नापुढे टिकत नाही, कारण गोंधळ त्या ‘भोवती’मध्येच आहे.

‘कशाभोवती?’ हा प्रश्न परिभ्रमणाला विचारायचा असतो. परिवलनाला विचारायचा प्रश्न एकच: तोंड कुठे आहे आणि ते बदलतंय का? वस्तू जागेवर असो, सरळ जात असो, नाहीतर कोणाला घिरट्या घालत असो, तिचं तोंड दूरच्या ताऱ्यांच्या हिशेबाने वळत असेल तर ती परिवलन करते आहे. वळत नसेल तर नाही, मग ती कितीही गोल गोल जाऊ दे.

हे समजायला दुर्बीण लागत नाही. घरातली आरती पुरते. औक्षणाचं ताम्हन आठवून पाहा. हात गोल फिरतो, ताम्हन गोल फिरतं, पण निरांजनाच्या वातीचं टोक ओवाळणाऱ्या बाईकडे असेल तर ते पूर्ण फेरीभर तिच्याकडेच राहतं. सुपारी उजवीकडे ठेवलेली असेल तर ती उजवीकडेच राहते. ताम्हन वर्तुळात गेलं, वळलं मात्र नाही. हे परिवलनाशिवायचं परिभ्रमण. आरती संपताना आपण टाळ्या वाजवत जागच्या जागी गिरकी घेतो. तिथे परिवलन आहे, परिभ्रमण नाही. आणि देवळात घालतो ती प्रदक्षिणा? उजवा खांदा सतत देवाकडे, म्हणजे देवाच्या नजरेतून आपण जराही वळलो नाही. देवाला आपला डावा खांदा कधीच दिसत नाही. पण एका फेरीत आपलं नाक पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर अशा चारही दिशांना लागून आलेलं असतं. गाभाऱ्याभोवतीच्या चारही भिंती आळीपाळीने आपल्या समोर आल्या, त्या काय भिंती चालत आल्या म्हणून? चंद्र पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो. आजोबांना वाटत होतं तसं तो ओवाळत नाही.

हे नुसतं उपमेवर सोडायला नको म्हणून मी एक उद्योग केला. हल्लीच्या बहुतेक मोबाइलमध्ये वळण मोजणारा एक बारीकसा संवेदक असतो. त्याचं माप दाखवणारं एक फुकटचं ॲप घेतलं, फोन ताम्हनात सपाट ठेवला आणि टीव्हीला ओवाळलं. घरच्यांनी काय पाहिलं हे विचारू नका. दहा फेऱ्या झाल्या तरी आकडा शून्याच्या आसपास दोन-चार अंश हेलकावत राहिला, तोही माझ्या हाताच्या थरथरीमुळे. मग तोच फोन छातीशी धरून टीपॉयला एक प्रदक्षिणा घातली. आकडा ३६० च्या जवळ जाऊन थांबला. फोनच्या त्या भागाला कॅमेरा नाही, त्याला टीपॉय दिसत नाही, भिंती दिसत नाहीत, तारे तर नाहीतच. कशाभोवती चाललोय याची त्याला फिकीर नाही. तरीही कधी वळलो आणि कधी नाही, हे त्याला अचूक कळतं.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेऊ, आणि ते हलके नाहीत. पहिला मुद्दा सापेक्षतेचा. “गती सापेक्षच असते ना? मग पृथ्वीवरून बघितलं तर चंद्र वळत नाही आणि ताऱ्यांवरून बघितलं तर वळतो. ताऱ्यांचंच का ऐकायचं?” पृथ्वीवरून पाहता चंद्र वळत नाही, हे विधान खरंच आहे. पण सरळ, एकाच वेगाने जाणं आणि वळणं या दोन गोष्टींना निसर्ग सारखी वागणूक देत नाही. सरळ, संथ चालणाऱ्या गाडीत पडदे ओढून बसलात तर गाडी चालली आहे की उभी, हे आतल्या आत ओळखता येत नाही. वळणं मात्र आतल्या आत ओळखता येतं. फोनने तेच केलं. न्यूटनने १६८७ साली पाण्याच्या बादलीचा दाखला दिला तो याचसाठी. बादली आणि पाणी दोन्ही एकाच वेगाने फिरू लागले की एकमेकांच्या हिशेबाने ते स्थिरच असतात, तरी पाणी मध्ये खोलगट होऊन कडांना चढतं. बादलीच्या मानाने पाणी वळत नाही, म्हणून ते वळतच नाही असं म्हणणाऱ्याने त्या खळग्याचं काय करायचं?

फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ साली पॅरिसमध्ये लंबक टांगून हाच न्याय पृथ्वीला लावला. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतही फूकोचा लंबक आहे. त्याच्या झोक्याची रेघ तासाला पावणेपाच अंशांच्या आसपास सरकते आणि पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास लागतात. पॅरिसला ३२ तासांच्या आत होणारं काम पुण्याला तीन दिवसांहून जास्त का खातं? कारण पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. ध्रुवावर एका दिवसात पूर्ण फेरी होते, विषुववृत्तावर रेघ सरकतच नाही, आणि मधल्या गावांना अक्षांशाप्रमाणे वाटा मिळतो. वर एकही तारा न बघता, बंद खोलीत, पृथ्वी किती वळली हे लंबक सांगतो. असाच लंबक चंद्राच्या ध्रुवावर टांगला तर त्याची रेघ २७.३ दिवसांत एक फेरी पूर्ण करेल. चंद्र वळत नसता तर ती जागची हलली नसती.

इथे प्रामाणिकपणे एक कबूल करायला हवं. आतल्या आत मोजलेलं हे वळण दूरच्या ताऱ्यांच्या हिशेबाशीच का जुळावं? एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने हा प्रश्न टोकदार केला. त्याचं म्हणणं असं की रिकाम्या अवकाशात एकटीच बादली असेल तर ती ‘फिरते’ या म्हणण्याला अर्थच उरत नाही, विश्वातलं बाकीचं द्रव्य आहे म्हणून फिरण्याला अर्थ आहे. हा प्रश्न पुण्याला परका नाही. ज्या जयंत नारळीकरांनी आयुका उभी केली, त्यांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत १९६४ साली मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत माखच्या याच विचारातून निघालेला होता. तेव्हा ‘ताऱ्यांचंच का?’ हा प्रश्न बाळबोध नाही. मात्र त्याचं उत्तर काहीही निघालं तरी आजोबांची बाजू त्यातून सावरत नाही. वादात ‘सगळं सापेक्ष आहे’ असं म्हणून हात झटकणारे माखचा प्रश्न विचारत नसतात, ते फक्त चर्चा बंद करत असतात.

दुसरा मुद्दा खुद्द आजोबांचा, आणि तो सगळ्यांत कसदार. लेथवर आयुष्य गेलेला माणूस आधी आस शोधतो. ते म्हणाले, “जत्रेतल्या मेरी-गो-राउंडचा लाकडी घोडा घ्या. तो फळीला पक्का ठोकलाय. आस एकच, मधल्या खांबातून जाणारी. मग घोडा खांबाभोवतीही फिरतो आणि स्वतःभोवतीही फिरतो, असं दोनदा कशाला मोजता? एकाच कामाचे दोन पगार?” हे बोलताना ते फार थोर माणसाच्या पंगतीला बसले होते, हे त्यांना माहीत नव्हतं. निकोला टेस्ला यांनी १९१९ साली लेखांमागून लेख लिहून, आकृत्या काढून नेमकं हेच मांडलं होतं की चंद्राला स्वतःचं परिवलन नाही. फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर मोटर चालवून दाखवणारा, फिरण्याशी इतका जवळचा संबंध असलेला माणूस! त्याच्याही आधी, १८५६ साली, इंग्लंडमध्ये जेलिंजर सायमन्स नावाच्या शाळा-तपासनीसाने हाच वाद जाहीरपणे पेटवला होता. म्हणजे या चुकीला वंशावळ आहे, आणि तिच्यात बिनडोक माणसं नाहीत.

घोड्यापुरतं आजोबांचं गणित मान्य. खांबाभोवतीचं एक परिवलन म्हणा, किंवा वर्तुळात सरकणं अधिक स्वतःभोवती वळणं म्हणा, हिशेब सारखाच येतो. पण त्यातली मेख बघा. आस खांबातून धरा, घोड्याच्या पोटातून धरा, नाहीतर शेजारच्या भेळेच्या गाडीतून धरा, घोडा वळतो तो वेग तोच राहतो. मिनिटाला सहा फेऱ्या असतील तर प्रत्येक हिशेबात सहाच. आस बदलली की सरकण्याचा हिशेब बदलतो, वळण्याचा बदलत नाही. याचा अर्थ परिवलन आसेच्या जागेवर अवलंबून नसतं, ते सगळ्या वस्तूचं मिळून एक असतं. घोडा वळत होता याची खात्री हवी असेल तर खिळे निघाल्यावर काय होतं ते पाहा. निसटलेला घोडा सरळ रेषेत जाईल खरा, पण जाता जाता गरगरतच जाईल. उद्या पृथ्वी नाहीशी झाली तर चंद्रही सरळ निघून जाईल आणि तरी २७.३ दिवसांत एकदा वळतच राहील. ज्याला परिवलनच नव्हतं त्याला ते त्या क्षणी कुठून आलं? त्याच जत्रेत आकाशपाळणाही असतो. त्याच्या पाळण्या वर जातात, खाली येतात, पण माणसं उलटी होत नाहीत, कारण पाळणी वळत नाही. त्या पाळणीची कडी तुटली तर ती न गरगरता जाईल. घोडा आणि पाळणी यांतला फरक केवळ शब्दांचा असता तर जत्रेत कोणी आकाशपाळण्यात बसायला धजावलं नसतं.

आणि चंद्र घोड्यासारखा ठोकलेला तर नाहीच. त्याची कक्षा लंबगोल आहे. तो सुमारे ३ लाख ६३ हजार किलोमीटरपर्यंत जवळ येतो आणि ४ लाख ५ हजारपर्यंत लांब जातो. जवळ असताना भरभर चालतो, लांब गेला की रेंगाळतो. स्वतःचं वळणं मात्र जवळपास एकाच लयीत चालू. परिणाम असा की महिन्याच्या काही दिवसांत वळणं चालण्याच्या पुढे जातं आणि काही दिवसांत मागे पडतं, त्यामुळे कधी पूर्वेची कड थोडी जास्त डोकावते, कधी पश्चिमेची. चंद्राच्या परिवलनाची आसही त्याच्या कक्षेला काटकोनात नाही, ती सुमारे पावणेसात अंश कललेली आहे, म्हणून कधी वरचा ध्रुव दिसतो, कधी खालचा. या डुलण्यामुळे पृथ्वीवरून चंद्राचा निम्मा नाही तर एकूण ५९ टक्के भाग आळीपाळीने दिसतो. गती खरोखर एकच असती, आस एकच असती, तर हे जास्तीचे नऊ टक्के कोणी दाखवले? दोन घड्याळांची सरासरी जुळते म्हणून ती एकच घड्याळ होत नाहीत. जुळणी का झाली याचं कारणही चांगलं ठाऊक आहे. पृथ्वीच्या ओढीने चंद्राच्या अंगाला भरती-ओहोटीसारखा ताण बसत गेला आणि फार पूर्वी त्याची गिरकी मंदावत प्रदक्षिणेच्या तालाला येऊन स्थिरावली. बुधाचीही सूर्यापुढे अशीच गत असेल अशी १९६५ पर्यंत समजूत होती. त्या वर्षी रडारने मोजल्यावर कळलं की तो सूर्याभोवती दोन फेऱ्या मारतो तेवढ्यात तीनदा वळतो.

तिसरा मुद्दा वैतागातून येतो: “वळतो म्हणा नाहीतर नाही म्हणा, फरक काय पडतो? शब्दांचा खेळ.” फरक विक्रम लँडरला विचारा. चांद्रयान-३ मधला विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरला तो तिथे सकाळ होत असताना, आणि त्याच्या सगळ्या कामाचा आराखडा आखला होता तो पृथ्वीच्या सुमारे १४ दिवसांच्या उजेडावर. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो झोपी गेला, कारण सूर्य मावळणार होता. चंद्र ताम्हनासारखा न वळता पृथ्वीभोवती ओवाळत राहिला असता, तर तिथला सूर्य वर्षातून एकदाच उगवला असता आणि विक्रमला जवळजवळ सहा महिने ऊन मिळालं असतं. शब्दांच्या खेळाने चौदा दिवसांचे सहा महिने होत नाहीत.

खरं तर हा हिशेब आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वी मांडून झालेला आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये सांगितलं की एका युगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, पृथ्वी १,५८,२२,३७,५०० वेळा वळते. त्याच युगातले दिवस तो १,५७,७९,१७,५०० धरतो. एकातून दुसरं वजा करा. बाकी येते बरोबर ४३,२०,०००, म्हणजे वर्षांची संख्या! दरवर्षी पृथ्वी दिवसांपेक्षा एकदा जास्त वळते. आजच्या भाषेत सांगायचं तर सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेत दडलेला हा एक वळसा आहे, आणि त्यामुळेच ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीची गिरकी २४ तासांची नसून २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची भरते. आर्यभटाने पृथ्वीचं वळणं मोजताना सूर्याचा आधार घेतला नाही, ताऱ्यांचा घेतला. आजोबांच्या वादाचं उत्तर त्या वजाबाकीत आहे. तो दडलेला वळसा डोळ्यांनी बघायचा असेल तर पाच रुपयांची दोन सारखी नाणी घ्या, एक टेबलावर दाबून धरा आणि दुसरं न घसरू देता त्याच्या कडेकडेने लोळवत एक फेरी पूर्ण करा. नाण्यावरचा आकडा एकदा नव्हे, दोनदा सरळ होतो. एक वळसा लोळण्याचा, एक फेरीचा. १९८२ साली अमेरिकेत महाविद्यालय-प्रवेशाच्या मोठ्या परीक्षेत असाच प्रश्न आला होता. आतलं वर्तुळ तिप्पट मोठं, उत्तर चार, आणि दिलेल्या पर्यायांत चार हा पर्यायच नव्हता. प्रश्न काढणारे फेरीचा वळसा मोजायला विसरले होते आणि तीन विद्यार्थ्यांनी त्यांना तो मोजून दाखवला.

आर्यभटाचं पुढे काय झालं, हेही या वादाला लागू आहे. वराहमिहिराने विचारलं, पृथ्वी फिरत असेल तर पाखरं घरट्यात परत कशी येतात? ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये टोमणा मारला की पृथ्वी एका प्राणात, म्हणजे आजच्या चार सेकंदांत, एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, सरकत असेल, तर ती निघते कुठून आणि जाते कोणत्या वाटेने? केवढा मोठा गणिती! पण प्रश्न बघा: ‘जाते कुठे?’ वळणाऱ्या वस्तूला कुठेच जायचं नसतं. जाणं आणि वळणं यांची गल्लत ब्रह्मगुप्ताकडूनही झाली. मला याहून जास्त खटकतं ते आर्यभटाच्या ग्रंथावर पुढे भाष्य लिहिणाऱ्यांचं वागणं. आर्यभटाच्या त्या ओळीतला पृथ्वीवाचक शब्द बदलून त्यांनी तिथे तारामंडळ बसवलं, म्हणजे वळतं ते आकाश, पृथ्वी नाही. ब्रह्मगुप्ताने निदान प्रश्न विचारला होता. यांनी पाठ बदलून प्रश्नच मिटवला. आमच्या ग्रुपवर ‘पुस्तकात छापलंय’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की छापलेलं कधी कधी असंही तयार होतं.

म्हणून शाळांकडे एकच मागणं आहे. ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न काढून टाका आणि मुलांना विचारा: औक्षणाचं ताम्हन, आरतीतली गिरकी, देवळातली प्रदक्षिणा, आकाशपाळण्याची पाळणी आणि चंद्र, यांत कोण वळतं? ज्याला हे सांगता येईल त्याला परिवलन शब्द आठवला नाही तरी मी दोनपैकी दोन गुण देईन.

आजोबांना मी फोनचा आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, “यंत्राचं सोडा. न वळता फेरी कशी मारतात ते मला करून बघू दे.” नात टीपॉयवर चढून पृथ्वी झाली. आजोबा दक्षिणेच्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. अट अशी की काही झालं तरी नजर खिडकीवरून हलवायची नाही. खेकड्यासारखे आडवे सरकत ते निघाले, सोफ्याला गुडघा आपटला, तरी मान हलवली नाही. अर्धी फेरी होऊन ते खिडकीपाशी पोहोचले, तेव्हा मागून टाळी वाजली.

“आजोबा, पाठ दिसली!”